चाबूक ते शिट्टी

नाशिक जिल्ह्यात शिकवणाऱ्या शिक्षकाला बिबट्या हा विषय पुस्तकात शोधावा लागत नाही. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडची मुले तो घरूनच वर्गात घेऊन येतात. कुणाच्या उसात तोडणीच्या वेळी बछडे सापडलेले असतात, कुणाच्या विहिरीत बिबट्या पडलेला असतो, कुणाच्या गोठ्यातली शेळी गेलेली असते. कधी कधी बातमी याहून फार वाईट असते आणि मग वर्गात कुणी बोलत नाही.

असाच एकदा वनखात्याने पकडून नेलेल्या बिबट्याचा विषय निघाला होता. आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, पिंजऱ्यातल्या बिबट्याचा दात दुखायला लागला तर डॉक्टर तो तपासतात कसा?" वर्ग हसला. मी त्यांना बेशुद्ध करण्याच्या इंजेक्शनाबद्दल सांगितले. तिचा पुढचा प्रश्न होता, "म्हणजे प्रत्येक वेळी बेशुद्ध करायचे?" याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. ते शोधताना एका मोठ्या इतिहासाची ओळख झाली. माणसाने प्राण्यांना शिकवण्याचा हा इतिहास आहे आणि त्यातली काही महत्त्वाची पाने महाराष्ट्रात लिहिली गेली आहेत. शिकवणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, अशा आपल्यासारख्यांना तो जवळचा वाटावा.

प्रश्न नेमका काय आहे?

जखमी झालेला, दात गमावलेला किंवा माणसावर हल्ला केलेला बिबट्या पुन्हा रानात सोडता येत नाही. अशा बिबट्यांसाठी पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ माणिकडोह येथे निवारा केंद्र आहे. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही असे बिबटे ठेवले जातात. माणसाच्या देखरेखीखाली बिबट्या वीस वर्षांपर्यंतही जगू शकतो. एवढ्या काळात त्याला लस द्यावी लागते, वजन करावे लागते, रक्त तपासावे लागते, नखे आणि दात पाहावे लागतात, पिंजरा धुण्यासाठी त्याला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यावे लागते.

हे करण्याचे दोन जुने मार्ग आहेत. पहिला मार्ग बेशुद्धीचा. फुंकनळीने किंवा बंदुकीने औषधाची सुई मारतात. केटामीन आणि झायलाझिन ही औषधे यासाठी वापरली जातात. गरज असेल तेव्हा ती वापरावीच लागतात. पण म्हाताऱ्या किंवा आजारी जनावराला बेशुद्ध करणे धोक्याचे असते. दुसरा मार्ग म्हणजे एक भिंत आत सरकवता येईल असा पिंजरा. भिंत सरकवत जनावराला जाळीशी दाबून धरायचे आणि इंजेक्शन द्यायचे. दोन्ही मार्गांत जनावर घाबरते, गुरगुरते, जाळीवर झेप घेते. त्यातून आणखी एक अडचण येते. घाबरलेल्या मार्जारवर्गीय प्राण्याच्या रक्तातली साखर वाढते आणि ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल हे संप्रेरकही वाढते. म्हणजे रक्ताचा नमुना मिळतो, पण तो प्राण्याच्या नेहमीच्या प्रकृतीबद्दल जेवढे सांगतो तेवढेच त्या क्षणीच्या भीतीबद्दलही सांगतो.

तिसरा मार्ग म्हणजे प्राण्यालाच या कामात सहभागी करून घेणे. बिबट्याने आपण होऊन जाळीजवळ यावे, आडवे उभे राहावे, शेपूट फटीतून बाहेर येऊ द्यावी आणि डॉक्टरांनी शेपटीच्या शिरेतून रक्त घेईपर्यंत शांत राहावे. ऐकायला ही गोष्ट सर्कशीतली वाटते, परंतु आज जगातल्या अनेक प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंह-बिबट्यांच्या बाबतीत ती प्रत्यक्षात होते. ती शक्य कशी झाली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

कोल्हापूरचे चित्ते

मोठ्या मांजरांना शिकवण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळण्याची प्रथा मोगलांच्या काळात भरभराटीला आली होती आणि विसाव्या शतकात ती ज्या थोड्या संस्थानांत टिकली, त्यांत कोल्हापूर हे प्रमुख होते. तेथे चित्ते सांभाळणाऱ्या लोकांना चित्तेवान म्हणत. भारतातले चित्ते दुर्मिळ झाल्यावर कोल्हापूरकरांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले होते.

चित्ता पिल्लू असताना पकडत नसत. शिकार कशी करायची हे पिल्लाला आई शिकवते, माणसाला ते शिकवता येत नाही, हे या लोकांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणून वाढलेला चित्ता पकडायचा आणि त्याला फक्त माणसाची सवय लावायची, अशी पद्धत होती. नव्या चित्त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी चढवत, त्याला खाटेला बांधून ठेवत आणि त्याच्याभोवती सतत माणसांची ये-जा, बोलणे, गलका चालू ठेवत. त्याला झोपही नीट मिळू देत नसत. खाणे मात्र एकाच माणसाच्या हातून, लाकडी पळीतून मिळे. हळूहळू चित्ता त्या माणसाला ओळखू लागे.

या पद्धतीतला सर्वांत शहाणपणाचा भाग शिकारीनंतरचा होता. चित्त्याने काळवीट पाडले, की ते त्याच्या तोंडातून ओढून घेणे म्हणजे संकटच. चित्तेवान जवळ जाऊन शिकारीचे रक्त पळीत घेई आणि चित्त्यापुढे धरी. चित्ता पळीकडे वळला, की टोपी चढवली जाई. ओढून घेण्याऐवजी बदल्यात काही देणे हे तत्त्व त्यांनी नेमके ओळखले होते.

मात्र या शिक्षणाचा फायदा चित्त्याला काय? काहीच नाही. जहांगीराने आपल्या आठवणींत नोंदवले आहे, की अकबराने हजारापर्यंत चित्ते बाळगले, पण त्यांची वीण व्हावी यासाठी केलेले प्रयत्न फसले. जहांगीराच्या काळात एका मादीला पिल्ले झाली, तेव्हा ती नोंद करण्याजोगी नवलाची गोष्ट ठरली. प्राणी माणसाचे ऐकत होता, पण त्याच्या स्वतःच्या गरजा कोणी विचारात घेतल्या नव्हत्या. रानातून पकडणे चालूच राहिले. १९५२ साली भारतातला चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. अधिवासाचा नाश आणि शिकार यांच्या जोडीला ही पकडही त्याचे एक कारण होती.

सर्कशीचे दिवस

भारतीय सर्कशीचा जन्म मराठी माणसाच्या हातून झाला. सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे ग्वाल्हेरला राहून अश्वविद्या शिकले होते. तिथेच त्यांना गाण्याचाही नाद लागला. चियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस त्यांनी मुंबईत पाहिली आणि घोड्यांची अशी कामे आपणही करू शकतो, या ईर्ष्येने १८८० च्या सुमारास स्वतःची सर्कस उभी केली. पुढे देवल, कार्लेकर, शेलार अशा मराठी सर्कशींची परंपराच निर्माण झाली. नाशिकसारख्या गावात सर्कशीचा तंबू पडला, की पंचक्रोशीतून बैलगाड्या जोडून लोक येत. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वाचकांना रात्री तंबूच्या दिशेने येणारी सिंहाची डरकाळी आठवत असेल.

याच परंपरेत दामू धोत्रे तयार झाले. १९०२ साली पुण्यात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच आपल्या मामांच्या सर्कशीत गेला. पुढे त्यांनी अल्फ्रेड कोर्ट या नामांकित फ्रेंच प्रशिक्षकाबरोबर युरोपात काम केले आणि १९४० साली ते अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत दाखल झाले. बिबटे, काळे बिबटे, जग्वार आणि प्यूमा असा एरवी एकमेकांना सहन न करणारा गोतावळा ते एका पिंजऱ्यात एकत्र आणत. त्यांच्या आठवणींचे, भानू शिरधनकर यांनी शब्दबद्ध केलेले पुस्तक मराठीत आहे. त्याचे नावच 'वाघ सिंह माझे सखे सोबती' असे आहे.

सर्कशीच्या जगात तेव्हा दोन घराणी होती असे म्हणता येईल. एक घराणे चाबूक, तापवलेली सळई आणि पिस्तुलाच्या आवाजावर चालणारे होते. दुसऱ्या घराण्याची सुरुवात जर्मनीत हॅम्बुर्गच्या कार्ल हागेनबेक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केली. त्यांचे म्हणणे असे, की प्रत्येक जनावराचा स्वभाव वेगळा असतो, सगळेच सारखे शिकत नाहीत, तेव्हा आधी स्वभाव पाहा आणि काम झाले की मांसाचा तुकडा द्या. हे सौम्य घराणे पुढे वाढत गेले. आपल्याकडेही हा भेद शेतकऱ्याला नवा नव्हता. गोऱ्ह्याला औताला लावताना पराणी टोचणारा शेतकरी होता, तसा चुचकारत आणि पाठीवर थाप मारत शिकवणाराही होता. आणि कोणाचा बैल जास्त दिवस टिकतो, हे गावाला माहीत असे.

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पद्धत सौम्य असली, तरी सर्कशीतल्या शिक्षणाचा हेतू प्रेक्षकांची करमणूक हाच होता. खेळ संपला की जनावर पुन्हा अरुंद पिंजऱ्यात जाई आणि पिंजरा पुढच्या गावाला निघे.

पेटीतली मांजर, गिरणीतली कबुतरे

सर्कशीच्या तंबूबाहेर, प्रयोगशाळेत, याच प्रश्नावर वेगळ्या रीतीने विचार चालू होता. रशियात इव्हान पावलॉव्ह यांनी दाखवले, की खाण्याआधी नेहमी एखादा आवाज केला, तर कुत्र्याच्या तोंडाला त्या नुसत्या आवाजानेच लाळ सुटते. मूळचा निरर्थक आवाज खाण्याची खूण बनतो. याला अभिजात अभिसंधान म्हणतात.

अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी उपाशी मांजरे लाकडी फळ्यांच्या पेट्यांत ठेवली. आतली कळ दाबली किंवा दोरी ओढली, की दार उघडे आणि बाहेर ठेवलेले खाणे मिळे. पहिल्या वेळी मांजर बराच वेळ ओरबाडत राही आणि योगायोगाने कळ दाबली जाई. पुढच्या खेपांना लागणारा वेळ कमी कमी होत गेला. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांतून एक साधा नियम निघाला: ज्या कृतीचा परिणाम सुखाचा, ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते.

हा नियम पुढे नेला बी. एफ. स्किनर यांनी. १९३८ साली त्यांचा मुख्य ग्रंथ आला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने १९४३ सालचा प्रसंग जास्त महत्त्वाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात कबुतरांकडून क्षेपणास्त्राला दिशा देता येईल का, असा एक विचित्र प्रकल्प मिनियापोलिस शहरात एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर चालू होता. रिकामा वेळ बराच असे. स्किनर आणि त्यांचे सहकारी एके दिवशी कबुतराला चोचीने लाकडी चेंडू ढकलायला शिकवू लागले. कबुतर आपण होऊन चेंडू ढकलेल म्हणून वाट पाहिली, पण ते काही होईना. तेव्हा त्यांनी कबुतराने चेंडूकडे नुसते पाहिले, तरी दाणे द्यायला सुरुवात केली. मग पाऊल पुढे टाकले तर, मग चोच लावली तर. थोड्याच वेळात कबुतर चेंडू ढकलू लागले. अवघड काम लहान पायऱ्यांत तोडायचे आणि प्रत्येक पायरीला बक्षीस द्यायचे, या युक्तीचे सामर्थ्य त्या दिवशी लक्षात आले. चांगला शिक्षक भागाकार असाच शिकवतो, हे वाचकांना सांगायला नको.

या प्रकल्पात काम केलेल्या केलर आणि मॅरियन ब्रेलँड या पतिपत्नींनी विद्यापीठ सोडले आणि १९४७ साली प्राणी शिकवण्याचा व्यवसायच सुरू केला. कोंबड्या, डुकरे, रॅकून असे नाना प्राणी त्यांनी शिकवले. त्यांनी एक अडचण सोडवली. प्राण्याने योग्य कृती केली आणि खाणे चार सेकंदांनी मिळाले, तर बक्षीस नेमके कशाचे हे त्याला कळत नाही. म्हणून त्यांनी मधे एक खूण घातली: 'टिक्' असा आवाज किंवा शिट्टी. आधी आवाज आणि खाणे यांची जोडी जमवायची. ते पावलॉव्ह यांचे काम. मग योग्य कृतीच्या त्याच क्षणी आवाज करायचा. ते थॉर्नडाइक आणि स्किनर यांचे. आवाजाचा अर्थ प्राण्याला कळतो: 'आत्ता केलेस तेच बरोबर, खाऊ येतो आहे.'

ब्रेलँड दांपत्याचा प्रामाणिकपणा असा, की आपल्या पद्धतीची मर्यादाही त्यांनीच १९६१ साली जगापुढे मांडली. रॅकूनला पेटीत नाणे टाकायला शिकवले होते. एक नाणे असेपर्यंत ठीक चाले. दोन नाणी दिली, की तो ती टाकायचे सोडून एकमेकांवर घासत बसे, कारण रानात तो आपले भक्ष्य हातात असेच चोळत असतो. बक्षीस कितीही द्या, जातीचा मूळ स्वभाव पुसला जात नाही. चित्तेवानांनी पिल्लू न पकडण्यामागे हेच ओळखले होते.

डॉल्फिनला लगाम घालता येत नाही

घोड्याला लगाम असतो, बैलाला वेसण असते, हत्तीला अंकुश असतो. पण पाण्यातल्या डॉल्फिनला काय घालणार? त्याला मारावे तर तो पोहून दूर जातो आणि परत येत नाही. १९५० च्या आणि १९६० च्या दशकांत मत्स्यालयांतल्या डॉल्फिनांना शिकवले जाऊ लागले, तेव्हा शिट्टी आणि मासा यांशिवाय गत्यंतरच उरले नाही. ब्रेलँड यांनी या क्षेत्रात काम केले आणि १९६३ पासून हवाई बेटांवर कॅरेन प्रायर यांनी ते वाढवले. जिथे जबरदस्ती अशक्य होती, तिथे जबरदस्तीविना शिकवण्याचे शास्त्र परिपक्व झाले.

इथून एक मोठा बदल घडला. प्राण्याला 'नाही' म्हणता येते, हे गृहीत धरून शिकवावे लागले. डॉल्फिन आला नाही, तर चूक त्याची नव्हे; पायरी फार मोठी झाली, खाणे आवडीचे नव्हते किंवा धडा फार लांबला. चूक शोधायची ती शिकवणाऱ्याने.

प्राणिसंग्रहालयात काय बदलले?

स्वित्झर्लंडमधले हाइनी हेडिगर हे बर्न, बाझल आणि झुरिक या तिन्ही प्राणिसंग्रहालयांचे क्रमाने संचालक होते. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी बंदिस्त प्राण्यांच्या मानसिक गरजांचा शास्त्रीय विचार मांडला. त्यांनी सर्कशीचाही अभ्यास केला. सिंह प्रशिक्षकाच्या अंगावर येतो आणि मधल्या स्टुलावर चढून थांबतो, यातले रहस्य त्यांनी उलगडले. माणूस एका ठराविक अंतरावर आला, की प्राणी पळतो. पळायला जागा नसेल आणि माणूस आणखी जवळ आला, तर तो चाल करून येतो. प्रशिक्षक या दुसऱ्या सीमेच्या आत एक पाऊल टाकतो, सिंह पुढे येतो. स्टूल वाटेत असते. प्रशिक्षक पाऊल मागे घेतो, सिंह तिथेच थांबतो. सगळा खेळ दोन पावलांचा.

हेडिगर यांचे दुसरे म्हणणे याहून मोलाचे होते. रानातल्या प्राण्याचा दिवस अन्न शोधण्यात, लपण्यात, हद्द राखण्यात जातो. पिंजऱ्यात ही सगळी कामे संपतात आणि प्राणी बेकार होतो. मग तो तासन्‌तास एकाच वाटेने येरझारा घालतो. योग्य रीतीने दिलेले शिक्षण हे अशा प्राण्याला काम पुरवते. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या पोर्टलंड येथे हॅल मार्कोविट्झ यांनी हा विचार कृतीत आणला. गिबन वानरांना कळ ओढून, झोके घेत पलीकडे जाऊन आपले खाणे मिळवता येईल अशी योजना त्यांनी केली. याला प्रयोगाचा आधारही होता. समोर फुकट खाणे ठेवलेले असतानाही उंदीर कळ दाबून खाणे मिळवतात, असे १९६३ साली दिसून आले होते. पुढे अनेक प्राण्यांत हेच आढळले. पाळीव मांजरे मात्र फुकटचेच पसंत करतात, असे २०२१ सालच्या एका अभ्यासात दिसले. तेव्हा सरसकट नियम करण्यात अर्थ नाही.

यानंतर वैद्यकीय शिक्षणाचे पर्व सुरू झाले. हत्तींचे उदाहरण घेऊ. बंदिस्त हत्तींचे पाय सडणे हे दुखण्याचे मोठे कारण असते. त्यांना रोज पाय दाखवायला लावावे लागते. पूर्वी हे माहुताच्या धाकाने होई. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो येथे माणूस कठड्याच्या एका बाजूला आणि हत्ती दुसऱ्या बाजूला, अशी नवी पद्धत आली. हत्ती बोलावल्यावर येतो, कठड्यातल्या फटीवर पाय ठेवतो, खाऊ घेतो. नको असेल तर निघून जातो. अंकुश उरत नाही. क्षयाची तपासणी करायची असेल, तर हत्ती सोंडेत मिठाचे पाणी घेऊन धरून ठेवायला आणि मग पिशवीत फुंकायला शिकतो. बंदिस्त गोरिलांत हृदयविकार हे मृत्यूचे मोठे कारण आहे. तेथे गोरिला जाळीला छाती टेकवून उभा राहतो आणि शुद्धीत असतानाच त्याच्या हृदयाची ध्वनिलहरींनी तपासणी होते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. बिबट्याला शिकवताना आधी शिट्टी आणि मांसाचा छोटा तुकडा यांची जोडी जमवतात. तुकडा लांब चिमट्याने देतात. हात जाळीच्या आत कधीही जात नाही. मग जाळीबाहेर टोकाला चेंडू लावलेली काठी धरतात. बिबट्याने काठीकडे पाहिले तरी शिट्टी. नाक लावले की शिट्टी आणि तुकडा. आता काठी नेईल तिकडे बिबट्या जातो. तिच्या मागे तो वजनकाट्यावर चढतो, अरुंद बोळात शिरतो, मागच्या पायांवर उभा राहून पोट दाखवतो. काठी वर धरून तोंड उघडल्याच्या क्षणाला बक्षीस देत गेले, तर तो दात दाखवायलाही शिकतो. शेपटीचे काम सर्वांत नाजूक. आधी नुसता स्पर्श, मग धरणे, मग ओल्या कापसाचा गारवा, मग बोथट टोकाची टोचणी आणि शेवटी सुई. यात आठवडे किंवा महिने जातात. कोणत्याही पायरीला बिबट्या उठून गेला, तर त्या दिवशीचा धडा तिथेच संपतो. मांस कमी करून त्याला उपाशी ठेवायचे नसते. रोजच्या वाटणीतलाच काही भाग धड्यात द्यायचा असतो. घाबरवलेल्या जनावराला माणूस दिसला की भीती आठवते. असे शिकवलेले जनावर शिट्टीची वाट पाहते.

कायदा आणि मर्यादा

भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्याच्या आधारे १४ ऑक्टोबर १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करण्यावर बंदी आली. सर्कसवाल्यांनी न्यायालयात दाद मागितली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या नियमांनुसार प्राणिसंग्रहालयातही प्राण्यांकडून कसरती करून घेता येत नाहीत. शेकडो कलावंत आणि सांभाळणाऱ्यांची रोजी या बंदीने गेली, हे खरे. त्यांच्या हातातले कसब मात्र टाकाऊ नव्हते. जनावराचा कान किती मागे गेला, शेपटीचे टोक कसे हलले, आज त्याला एकटे सोडावे की नाही, हे ओळखणारी नजर पुस्तकातून येत नाही. बंदीने हेतू नाकारला. त्या नजरेची गरज आजच्या प्रत्येक निवारा केंद्राला आहे.

शिक्षणाच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. २००९ साली नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला गळ्यात यंत्र बांधून माळशेज घाटात सोडले, तेव्हा तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. 'आजोबा' या नावाने तो प्रसिद्ध झाला. एवढी चाल ज्याच्या अंगात आहे, त्याला दिवसातून दोन वेळा दहा मिनिटांचा धडा दिला म्हणजे पिंजरा मोठा होत नाही. जागा, आडोसा, झाडाची फांदी, एकांत यांना शिक्षण हा पर्याय नव्हे.

आणि जे प्राणी रानात परत जायचे आहेत, त्यांना असे शिक्षण मुळीच द्यायचे नाही. उसात सापडलेली बछडी शक्य तितक्या लवकर त्याच शेतात परत ठेवून आईने न्यावीत, अशी व्यवस्था नाशिक आणि जुन्नर भागात वनखाते वन्यजीव कार्यकर्त्यांच्या मदतीने करते. माणूस दिसला की खाणे मिळते, हे अशा पिल्लाने शिकले, तर ते त्याच्याही आणि आपल्याही जिवावर बेतेल. त्याने माणसाला घाबरणे हेच त्याचे शिक्षण. ज्याला आयुष्यभर आपल्यापाशीच राहायचे आहे, त्याची भीती घालवणे मात्र आपले कर्तव्य ठरते.

वर्गात करण्याजोगे

हा विषय शिकवताना एक सोपा प्रयोग देता येईल. ज्यांच्या घरी शेळी किंवा पाळीव कुत्रा आहे, अशा मुलांनी मोठ्या माणसांसमक्ष तो करावा. भटकी जनावरे यासाठी वापरू नयेत. वन्य प्राणी बाळगणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. रिकाम्या डबीचे झाकण दाबले की 'टक्' असा आवाज येतो. आधी वीसेक वेळा 'टक्' करून लगेच भाकरीचा छोटा तुकडा द्यावा. मग एक काठी समोर धरावी. काठीकडे पाहिले, जवळ आले, नाक लावले, अशा प्रत्येक पायरीला 'टक्' आणि तुकडा. एका वेळी पाच मिनिटांहून जास्त नको. मारायचे नाही, ओढायचे नाही, ओरडायचे नाही. रोज किती प्रयत्नांत किती वेळा नाक लागले, याची नोंद वहीत ठेवावी आणि आठवड्याने आलेख काढावा. थॉर्नडाइक यांच्या मांजरांच्या आलेखाशी तो ताडून पाहता येईल.

आमच्या शाळेत हा प्रयोग केला, तेव्हा एका मुलाची शेळी तीन दिवस काठीकडे ढुंकूनही पाहीना. तो वैतागून सांगत आला, की आमची शेळी ढ आहे. दात दुखणाऱ्या बिबट्याबद्दल विचारणारी मुलगी शेजारीच उभी होती. तिने विचारले, "काठी फार लांब धरत असशील. जवळ धरून पाहिलीस का?" चौथ्या दिवशी शेळीने काठीला नाक लावले.